अरुणोदयचे सात गडी

चिपळूण,
१२ जून २०१३

प्रिय चारू,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. माझे कान मात्र आता पुरते गेले. यंत्र लावलं तर पंखा ऐकू येतो, माणूस ऐकू येत नाही. पोस्टातून त्याच पायी लवकर घरी बसलो. तू फोनवर काय बोलतोस ते तुझी स्मितावहिनी मला कागदावर लिहून दाखवते आणि निम्मं गाळते. तेव्हा यापुढे पत्रच. तीस वर्षं लोकांच्या पाकिटांवर शिक्के मारले, आता थोडे माझ्या पाकिटांवर पडू देत.

काम असं आहे. येत्या सव्वीस जानेवारीला आपल्या अरुणोदय मंडळाच्या एक्याण्णव सालच्या संघाचा सत्कार करायचा आणि त्या दिवशी एक स्मरणिका काढायचा घाट घातला आहे. तू तेव्हा दहावीत होतास. माझ्या शेजारी बसून घसा फोडत होतास, आठवतं ना? एका गुणाची आघाडी, मुंबईकरांची शेवटची चढाई. डाव्या कोपऱ्यातून गोविंद शिगवणने घोटा धरला आणि कप्तान पद्माकर भुवड वरून येऊन पडला. त्यानंतर या गावाने काहीही जिंकलेलं नाही.

सात गड्यांचं पुढे काय झालं, ते मी एका वहीत लिहीत आलो आहे. वाचून बरं वाटावं असं त्यात फार नाही. दोघे गेले, एक दारूने आणि एक महामार्गावर ट्रकखाली. एकाचे दोन्ही गुडघे निकामी, तो घराबाहेर पडत नाही. एक मुंबईत कुठे आहे ते त्याच्या सख्ख्या भावाला ठाऊक नाही. एकाने मला उंबऱ्यावरूनच परत लावलं. “ते दिवस काढू नका,” म्हणाला आणि दार ओढून घेतलं. पद्माकर बर्फाच्या कारखान्यावर रखवालदार आहे. राहिला गोविंद. त्याची बहीण सांगते, तीन वर्षं तो सिंगापूरलाच आहे, शिपयार्डमध्ये सुपरवायझर झाला आहे. तिच्याकडचा नंबर लागत नाही.

एवढा शोध घे. वहीत एक तरी पान चांगलं लिहायचं आहे मला.

तुझा,
मनोहरदादा


क्लेमेंटी, सिंगापूर,
३० जून २०१३

मनोहरदादा,

पत्र मिळालं. वीस-बावीस वर्षांत मला कुणी हाताने लिहिलेलं पत्र पाठवलं नव्हतं. गार्गीने ते दोनदा वाचलं. जाईला आईसारखं मराठी वाचता येत नाही म्हणून मीच वाचून दाखवलं, तर इथल्या इंग्रजीत म्हणते, “पप्पा, दे सो ओल्ड ऑलरेडी, स्टिल व्हॉट कबड्डी लाह?” म्हणजे, एवढे म्हातारे झाले, आता कसली कबड्डी! तिला घोटा पकड म्हणजे काय ते दिवाणखान्यात करून दाखवायला गेलो आणि माझी कंबर धरली.

इथे गेला पंधरवडा वाईट गेला. पलीकडे सुमात्रात जंगलं पेटली आहेत, त्याचा धूर शहरावर बसला होता. पाया लेबारला ऑफिसच्या खिडकीतून समोरची इमारत दिसत नव्हती. सगळे मास्क लावून कामाला. आता जरा मोकळं झालं आहे.

गोविंदला शोधतो. शिपयार्डची माणसं रविवारी लिटिल इंडियात येतात, तिथे विचारत जाईन. खरं सांगू? गेली चौदा वर्षं इथे काढली, पण मला कुणी “तुमचा संघ कुठला” विचारलं तर मनात अजून अरुणोदयच येतं.

चारू


क्लेमेंटी,
४ ऑगस्ट २०१३

मनोहरदादा,

गोविंद भेटला! तीन रविवार घालवले, पण भेटला.

तब्येत चांगली आहे, केस जरा पिकलेत. बहिणीचं म्हणणं खरं आहे. पांढरं हेल्मेट घालतो, आणि शिपयार्डात पांढरं हेल्मेट म्हणजे साहेब. हाताखाली चाळीस माणसं आहेत. मी नाव सांगितल्यावर ओळखलं मला. आम्ही चहा घेतला, पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत. एक्याण्णवची सगळी फायनल आम्ही टेबलावर साखरेच्या पुड्या मांडून पुन्हा खेळलो.

जानेवारीत मात्र यायला जमणार नाही, रजा नाही. सत्कार त्याच्या बहिणीच्या हाती दे. आणि वहीतलं ते पान लिहून टाक.

चारू


चिपळूण,
२५ ऑगस्ट २०१३

प्रिय चारू,

तुझं पत्र मी मैदानावर वाचून दाखवलं. सात-आठ जुनी माणसं जमली होती. पांढऱ्या हेल्मेटाशी आलो तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या ऐकू आल्या नाहीत, हात दिसले. गोविंदच्या बहिणीने पेढे वाटले.

पद्माकर मागे उभा होता. सगळे गेल्यावर जवळ आला आणि बोटाने खूण केली, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. लोकांनी बोलायचं ते लिहावं म्हणून हल्ली मी पाटी बाळगतो, तिच्यावर त्याने लिहिलं, “चाळीस माणसं?” मी मान हलवली. त्याने पाटी पुसून परत दिली.

त्याचं बरं चाललेलं नाही. बर्फाचा कारखाना दिवाळीनंतर बंद होणार. संजीवनीच्या अंगणवाडीच्या पगारावर घर आहे. पण कप्तान तो कप्तान. एक गोष्ट शिजते आहे. आत्ता सांगत नाही, पक्कं झालं की कळवीन. तुला आणि गोविंदला दोघांनाही आनंद होईल.

तुझा,
मनोहरदादा


क्लेमेंटी,
२२ सप्टेंबर २०१३

मनोहरदादा,

उत्तराला उशीर झाला. नवीन प्रोजेक्ट सुरू आहे, शनिवारीही ऑफिस.

गोविंदबद्दल स्मरणिकेत फार लिहू नकोस. त्याला गाजावाजा आवडत नाही. “भेटला, बरा आहे” एवढं पुरे. आणि माझं पत्र आता कुणाला वाचून दाखवू नकोस, मी ते घाईत लिहिलं होतं.

तुझी शिजणारी गोष्ट म्हणजे गोविंदचा फोटो स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर घेणार, हेच ना? ते नको.

चारू


चिपळूण,
२० ऑक्टोबर २०१३

प्रिय चारू,

फोटोबिटो नाही रे. पद्माकर येतो आहे!

गोविंदला ज्या एजंटाने पाठवलं त्याच्याचकडून, त्याच शिपयार्डात. चोवीस तारखेचं विमान आहे. हे पत्र तुला मिळेल तेव्हा तो तिथे कामावरही लागलेला असेल. मीच त्याला रत्नागिरीला एजंटाकडे घेऊन गेलो. आधी कचरत होता. “त्रेचाळिसाव्या वर्षी परदेश?” पाटीवर लिहिलं. मी म्हटलं, गोविंद काय पंचविशीत गेला? गोविंद आहे, चारू आहे, तुला तिथे परकं कोण आहे? संजीवनीने बांगड्या काढून दिल्या.

तुझं ऑगस्टचं पत्र त्याने मागून घेतलं. म्हणाला, गोविंदला दाखवतो.

शेवटच्या चढाईला जे दोघे एकत्र होते ते पुन्हा एकत्र येतायत, याहून चांगलं पान मला वहीत काय लिहिता येणार? दिवाळीला तिघे मिळून फराळ करा.

तुझा,
मनोहरदादा


क्लेमेंटी,
५ नोव्हेंबर २०१३

मनोहरदादा,

तुझं पत्र शुक्रवारी आलं, दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी. हे उत्तर तू एकट्याने वाच.

गोविंद सुपरवायझर नाही. कधीच नव्हता. मी खोटं लिहिलं.

जुलैच्या अखेरीस तो मला सापडला तो लिटिल इंडियात, जखमी कामगारांना दुपारचं फुकट जेवण देतात त्या जागी. रांगेत होता, दोन्ही काखांत कुबड्या. गेल्या डिसेंबरात तो परांचीवरून, म्हणजे जहाजाच्या कडेला बांधलेल्या फळ्यांवरून खाली पडला होता. खुब्याचं हाड मोडलं. परमिट रद्द झालं. नुकसानभरपाईचा निकाल लागेपर्यंत त्याला काम करायची बंदी, आणि देश सोडला तर दावा बुडतो. एका दुकानावरच्या खोलीत अकरा जणांत राहत होता.

मी जवळ गेलो तर म्हणाला, “साहेब, कोण पाहिजे?”

“अरुणोदयचा डावा कोपरा,” मी म्हटलं. वाटलं, हसेल.

तो म्हणाला, “तो नाही आता.”

मग ओळख पटली. जेवताना एकच गोष्ट बोलला. “घरी सुपरवायझर म्हणून सांगितलंय. गावाने मला धावताना बघितलंय, असं नको बघायला. कुणी विचारलं तर भेटला, बरा आहे, एवढंच सांगा.”

त्याने एवढंच मागितलं होतं, दादा. पांढरं हेल्मेट मी घातलं त्याच्या डोक्यावर. चाळीस माणसं मी दिली. साखरेच्या पुड्यासुद्धा माझ्याच. तुझ्या वहीत सगळी मरणं आणि गुडघे होते. मला वाटलं, एक पान चांगलं गेलं तर कुणाचं काय बिघडतं? आणि लिहिताना मलाही बरं वाटत होतं. तुझं ऑगस्टचं पत्र वाचून घाबरलो, तेव्हाही खरं लिहायची हिंमत झाली नाही.

परवा रविवारी पद्माकरदादाला भेटायला शिपयार्डच्या डॉर्मिटरीवर गेलो. फाटकाबाहेर कठड्यावर बसला होता. माझ्या हातातला फराळाचा डबा बघितला, घेतला नाही. खिशातून माझं पत्र काढलं.

“हे तू लिहिलंस?”

“हो.”

“गोविंदला मी पहिल्याच आठवड्यात भेटलो. त्याने वाचलं हे. मग म्हणाला, चारूचं मन मोठं आहे.” पत्राची घडी घालत मला विचारलं, “तुला कुणी सांगितलं होतं असं लिहायला?”

“कुणी नाही.”

मी म्हटलं, परत चला, तिकिटाचं मी बघतो, एजंटाला दिलेलं सगळं मी भरतो. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाला, “पंधरा दिवसांत परत जाऊन संजीवनीला काय सांगू? गावाला काय सांगू? आलोय तर दोन वर्षं काढतो. जहाजाच्या टाक्यांना आतून रंग द्यायचं काम आहे. वास डोक्यात जातो, बाकी काही नाही.”

निघताना त्याने डबा घेतला. बरोबरच्यांना देतो म्हणाला.

तुला जे बोलायचं असेल ते लिही.

चारू


चिपळूण,
१ डिसेंबर २०१३

चारुदत्त,

पत्र मिळून पंधरा दिवस झाले. रोज लिहायला बसलो आणि उठलो.

तुला काय बोलू? तू लिहिलंस आणि मी गावभर वाचलं. तो जायला तयार नव्हता, मी त्याचा दंड धरून बसमध्ये बसवला.

संजीवनीला मी सांगितलेलं नाही. ती रोज अंगणवाडीतून येताना वाट वाकडी करून विचारते, काही पत्र? मी सांगतो, मजेत आहेत. बघ, मीही तेच करतो आहे.

कसंही करून त्याला परत पाठव. दर रविवारी जा. मागे लाग.

मनोहर


क्लेमेंटी,
१७ जानेवारी २०१४

मनोहरदादा,

शिपयार्डकडून बातमी मंगळवारीच पोचली असेल. स्मितावहिनींशी मी फोनवर बोललो, बाकीचं इथे लिहितो.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी टाकीत रंग देताना तीन जण बेशुद्ध पडले. दोन वाचले. पद्माकरदादा हॉस्पिटलात पोचायच्या आधीच गेला होता. ओळख पटवायला मला बोलावलं होतं, कारण त्याच्या कागदांवर इथला नातेवाईक म्हणून माझं नाव होतं. नातं या रकान्यात त्याने ‘भाऊ’ लिहिलं होतं.

दर रविवारी जा म्हणून तू लिहिलं होतंस. नोव्हेंबरात दोनदा गेलो. तुझ्या पत्रानंतर एकदाही नाही. एका रविवारी ऑफिस होतं. बाकीच्या रविवारी काहीही नव्हतं. त्याच्यासमोर बसायचं जिवावर येत होतं, म्हणून गेलो नाही.

परवा पद्माकरदादाला विमानाने पाठवतायत. गोविंद बरोबर येतो आहे. दाव्याचा निकाल महिन्या-दोन महिन्यांवर आला होता, तो सोडून येतो आहे. मी समजावून बघितलं. म्हणाला, “कप्तानाला एकटं पाठवायचं?”

मला रजा मिळाली असती. मी मागितली नाही. संजीवनीवहिनींसमोर उभं राहायचं धाडस नाही.

चारू


चिपळूण,
१६ फेब्रुवारी २०१४

चारू,

सगळं आटोपलं. तेराव्यापर्यंत मी काहीच लिहू शकलो नाही.

गाडी मैदानाशी थांबली. अर्धं गाव उभं होतं. मागचं दार उघडल्यावर आधी कुबड्या बाहेर आल्या, मग गोविंद. त्याची बहीण त्याच्याकडे बघत राहिली आणि तिथेच खाली बसली. पद्माकरची पेटी उचलायला तो पुढे झाला, त्याला उचलता येईना. मग पेटीवर एक हात ठेवून तसाच स्मशानापर्यंत चालत आला. कुणी त्याला थांबवलं नाही.

सव्वीस जानेवारीचा कार्यक्रम रद्द केला. छापून आलेल्या स्मरणिका मंडळाच्या खोलीत बांधून ठेवल्या आहेत.

चौदाव्या दिवशी मी संजीवनीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तुझं पत्र, माझं वाचन, एजंट, आणि नोव्हेंबरपासून मला सगळं माहीत होतं तेही. तिने ऐकून घेतलं. मग उठून आत गेली. मला वाटलं आता बाहेर येणार नाही. ती पाणी घेऊन आली.

गावात वेगळंच चाललं आहे. कुणीतरी उठवलं की आत अडकलेल्या सोबत्याला ओढून काढायला पद्माकर टाकीत उतरला आणि त्यात गेला. आता सगळे तेच सांगतात. शाळेत मुलांना सांगितलं. मैदानाला त्याचं नाव द्यायचं घाटतं आहे. गोविंदला विचारलं तर तो म्हणतो, मी तिथे नव्हतो. वाचलेल्या दोघांना त्याच दिवशी हॉस्पिटलात ठेवलं, त्याची त्यांची गाठच पडली नाही.

संजीवनीने माझ्या पाटीवर लिहिलं ते जसंच्या तसं उतरवतो. “चारूभावजींना विचारा हे खरं आहे का. खरं असेल तर खरं लिहा. नसेल तर नाही म्हणून लिहा. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.”

उत्तर मला नको, तिलाच पाठव.

मनोहरदादा


क्लेमेंटी,
९ मार्च २०१४

संजीवनीवहिनी,

तुमचा प्रश्न मनोहरदादाने कळवला. उत्तराला तीन आठवडे लागले, कारण मला स्वतःला काही माहीत नव्हतं. पद्माकरदादाबरोबर टाकीत असलेल्या दोघांपैकी एक जण अजून इथे आहे. रफिक त्याचं नाव, बांगलादेशचा, तिशीचा असेल. त्याला गेल्या रविवारी भेटलो. आम्ही हिंदीत बोललो. त्याने जे सांगितलं ते लिहितो.

त्या दिवशी सकाळी आठला तिघांना टाकीत उतरायला सांगितलं. उतरण्याआधी आतली हवा तपासायची असते. तपासली असा कागद होता, पण रफिक म्हणतो, सकाळपासून तिथे कुणी यंत्र घेऊन आलंच नव्हतं. दादा सगळ्यात आधी उतरला. तो उतरला तेव्हा आत दुसरं कुणी नव्हतं. मग हे दोघे उतरले. तो कोपऱ्यात रंग देत होता. साधारण पंधरा मिनिटांनी तो खाली बसला. रफिकला वाटलं, दमला असेल. त्याने हाक मारली. दादाने हात वर केला, बोलला नाही. मग रफिकलाही गरगरायला लागलं. तो आणि दुसरा शिडीच्या जवळ होते, म्हणून ते आधी सापडले. दादा लांबच्या टोकाला होता. वरच्या माणसांना कळून त्याला बाहेर काढेपर्यंत चाळीस मिनिटं गेली.

मी रफिकला तीनदा विचारलं, दादा कुणाला काढायला मागे गेला होता का? रफिक तिन्ही वेळा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला, “साब, मैं भी चाहता हूँ कि ऐसा होता.”

रफिक हे चौकशीत सांगायला तयार आहे. त्याला भीती आहे की सांगितलं तर परमिट जाईल. गुरुवारी मी त्याच्याबरोबर सरकारी कचेरीत जातो आहे. काय होईल ते तुम्हाला कळवीन, चांगलं असो वा वाईट.

मैदानाला दादाचं नाव द्यायचं की नाही ते गाव ठरवील. तुम्ही मला विचारलंत ते वेगळं होतं. त्याचं उत्तर नाही असं आहे. दादा कुणाला वाचवायला उतरला नव्हता. रंग द्यायला सांगितलं होतं, म्हणून उतरला.

चारुदत्त